नाव घातलेला माल

"नाना, तुम्हाला 'नाही' म्हणता येतं का?"

हा प्रश्न मी माईकवर विचारला. आमच्या शाळेचा माईक एरवी निम्मं बोलणं स्वतःच गिळतो. त्या दिवशी मात्र त्याने माझं अक्षर न् अक्षर मैदानापलीकडच्या पिठाच्या गिरणीपर्यंत पोचवलं, कारण गिरणीवाला दळण सोडून दारात आलेला मला स्टेजवरून दिसला.

प्रसंग दहावीच्या गुणवंतांच्या सत्काराचा. आता मी बारावीत आहे, म्हणजे गोष्ट दीडेक वर्षापूर्वीची. गुणवंतांत मी होते, शाळेत दुसरी. सत्कार आमचा असला तरी हार सगळे पाहुण्यांच्या गळ्यात होते आणि मधोमध आमचे आमदार बसले होते. नाव त्रिंबकशेठ अंदुरे, पण अख्खं धामणपेठ त्यांना नाना म्हणतं. भाषण संपवताना नाना म्हणाले, "मुलांनो, आमदार तुमच्या घरचाच आहे. काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा."

असं म्हणायची पद्धत असते. विचारायची पद्धत नसते. मी उठले, कारण आदल्या दिवशी गौतमी आणि नसीमने माझ्याशी पैज लावली होती. नानांच्या तोंडून एक तरी सरळ नकार काढून दाखवायचा. जमलं तर बाजारच्या दिवशी दोघी मिळून मला भेळ आणि वर कुल्फी देणार, नाही जमलं तर मी दोघींना. धामणपेठमध्ये नानांचा नकार ऐकलेला माणूस जिवंत नव्हता, त्यामुळे गौतमीने कुल्फी कुठली घ्यायची तेही ठरवून टाकलं होतं.

प्रश्न ऐकून हेडसरांनी डोळे मिटले. नाना आमच्या शाळेला तीन वर्षांपासून संगणक देत होते आणि हेडसर ते तीन वर्षांपासून घेत होते. स्टेजच्या कडेला बक्षिसाच्या स्टीलच्या कळशा रचलेल्या होत्या, तिथे माझे पप्पा उभे होते. त्यांनी डोळे मिटले नाहीत. उलट इतके मोठे केले की मला घरी गेल्यावर काय होणार ते सगळं त्यात वाचता आलं.

नाना मात्र हसले. "म्हणता येतं की बाळ. पण धामणपेठच्या लेकरांना बघितलं की ते तोंडातनं बाहेरच पडत नाही, त्याला मी काय करू?"

टाळ्या. सरपंचांनी तर रुमाल काढून डोळ्यांना लावला. मागून नसीमने मला बोट हलवून दाखवलं, म्हणजे हे धरायचं नाही.

"कुणाची गं ही?" नानांनी माईक बाजूला करून विचारलं.

"आपल्या अंबादासची, नाना. अंबादास खरमाळेची," हेडसर घाईघाईने म्हणाले. दोष योग्य पत्त्यावर गेला पाहिजे, एवढीच त्यांची काळजी.

"अरे वा. मग घरचीच की. अंबादास, उद्या हिला दुकानात घेऊन ये."

इथे नानांचं दुकान सांगितलं पाहिजे, नाहीतर काही कळणार नाही.

नाना आमदार व्हायच्या आधी भांड्यांचे व्यापारी होते आणि आमदार झाल्यावरही भांड्यांचेच व्यापारी राहिले. पेठेच्या तोंडाशी त्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. माझे पप्पा तिथे नावं घालतात. लग्नात, बारशात, वास्तुशांतीला जी भांडी देतात, त्यांच्यावर 'मामाकडून चि. अमुक हिस सप्रेम भेट' असं बारीक ठिपक्यांनी कोरलेलं असतं ना, ते. त्यासाठी जाड पेनासारखं विजेचं यंत्र असतं. चालू केलं की दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा आवाज येतो. मी त्या आवाजात वाढले, म्हणूनच बहुधा मोठ्याने बोलते.

नानांच्या वडिलांनी गल्ल्यावर बसायच्या पहिल्या दिवशी नानांना एक नियम सांगितला होता, तो नाना प्रत्येक भाषणात सांगतात. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही, आणि गेलंच तर रिकाम्या कानांनी तरी जाऊ द्यायचं नाही. म्हणजे कुणी कुकरची रिंग मागितली आणि दुकानात नसली, तर "माल निघालाय, परवा या" म्हणायचं आणि वर एक चमचा भेट द्यायचा. गिऱ्हाईक परवा येतं. परवा माल पुन्हा निघालेला असतो.

दुकानात नकार फक्त एका पाटीवर होता. पप्पांच्या डोक्यावरच टांगलेली पाटी: 'नाव घातलेला माल परत घेतला जाणार नाही.' ह्या एका बाबतीत नाना दगड होते. एकदा कोष्टी गल्लीतलं एक लग्न ऐनवेळी मोडलं. मुलाकडच्यांनी नवरा-नवरीच्या नावाची फुलपात्रं करून घेतलेली, थप्प्यांच्या थप्प्या. हातापाया पडले, नाना हलले नाहीत. शेवटी त्यांनी दुसरी मुलगी बघितली आणि लग्नात तिचं नाव बदलून फुलपात्रांवरचं ठेवलं. ती बाई आजही त्या फुलपात्रांच्या नावाने सुखाने नांदते आहे.

निवडणुकीच्या वर्षी नानांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. लोकांचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, काकूंचं आचारसंहिता लागेपर्यंत चाललं. वाण म्हणून प्रत्येक घरात स्टीलच्या वाट्या गेल्या, आणि नाव बाहेरून न घालता आतून, तळाशी घातलं होतं. ती कल्पना नानांची, हात पप्पांचा. तेव्हापासून आमच्या गावात वरण संपत आलं की आमदार दिसायला लागतात.

निवडून आल्यावर नाना मुंबईला गेले. पहिल्या दिवशी सभागृहात त्यांनी समोरच्या पाण्याच्या जगला टिचकी मारली आणि "पत्रा हलका आहे" असं शेजारच्या आमदारांना सांगितलं. ही हकीकत ते स्वतः रंगवून सांगतात. त्यानंतरच्या चार वर्षांतली दुसरी हकीकत अजून गावाने ऐकलेली नाही.

गावाचं मात्र त्यांनी काही अडू दिलं नाही. गावाने पाणी मागितलं, नानांनी हंडे दिले. गावाने दवाखान्यात डॉक्टर मागितला, नानांनी तिथे बाकं दिली, डॉक्टरची वाट नीट बसून बघता यावी म्हणून. आणि गावाने एसटी मागितली, तेव्हा नानांनी निवारा बांधून दिला. पेठेच्या टोकाला, त्यांच्या आईंच्या नावाचा, कमानीसकट. बायपास झाल्यापासून एसटी गावात येत नाही, वरच्या वर निघून जाते. निवाऱ्यात शेळ्या बसतात. शेळ्यांना कुठेच जायचं नसतं, त्यामुळे त्यांची तक्रार नाही.

मला जायचं होतं. आमच्याकडे शाळा दहावीपर्यंतच. अकरावीला तालुक्याला, वरुडीला जावं लागतं. फाट्यावरून काळीपिवळी जीप मिळते, पण तिच्यात माणसं बसत नाहीत, ती भरतात. आणि "पोरीला त्यात घालायचं नाही" यावर आमच्या घरात आईपप्पांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. वरुडीत मुलींचं सरकारी वसतिगृह आहे. माझ्या मार्कांना तिथे जागा मिळाली असती. अर्ज द्यायची शेवटची तारीख त्या आठवड्यातला शनिवार.

"वसतिगृह कशाला पाहिजे?" पप्पा म्हणायचे. "एसटी सुरू होणार म्हणजे होणार. नानांनी सांगितलंय. सकाळी जाशील, संध्याकाळी घरी जेवायला येशील."

"आणि नाही सुरू झाली तर?"

"नानांनी सांगितलंय म्हटलं ना."

हे वाक्य मी आठवीपासून ऐकत होते. मी नववीत असताना तेच गौतमीच्या घरी तिच्या मोठ्या बहिणीने, करुणाताईने ऐकलं. तिला वरुडीला मावशीकडे राहून शिकता आलं असतं. पण एसटी जूनला येणार होती, मग पोळ्याला, मग दिवाळीनंतर. दिवाळीनंतर तिचं लग्न आलं. लग्नाला नाना जातीने हजर होते. मुलाकडच्यांना म्हणाले, "एसटी सुरू झाली की पोरीला माहेरी यायला किती सोपं होईल बघा."

सत्काराच्या दिवशी घरी पप्पा माझ्याशी बोलले नाहीत. आईशी बोलले. "तुझ्या मुलीला सांग, ज्या माणसाच्या दुकानात बाप बसतो त्याला भर सभेत असलं विचारत नसतात."

"तिला कळतंय," आई म्हणाली.

"कळतंय तर विचारलं का?"

"मलाही ऐकायचं होतं, काय म्हणतात ते," आई म्हणाली आणि पोळी उलटली.

पप्पांनी जाहीर केलं की उद्या दुकानात जायचं, माफी मागायची, आणि येताना कळशीवर माझं नाव घालून आणायचं. बक्षिसाच्या कळशांवर वर 'गुणवंत विद्यार्थिनीस सप्रेम भेट, आमदार त्रिंबकशेठ अंदुरे' एवढं आधीच कोरलेलं होतं. खाली मुलांच्या नावाला जागा सोडली होती. निकालाच्या आधी नानांचं नाव तर नक्की होतं, आमची नव्हती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे बाजार. दुकान गच्च भरलेलं. नाना गादीवर बसले होते. त्यांचं जनसंपर्क कार्यालय दुकानातच असल्यामुळे डाव्या बाजूला पातेली घेणारे आणि उजव्या बाजूला तक्रारी घेऊन आलेले असे लोक बसायचे. मी उजवीकडे बसले, मांडीवर कळशी. पप्पा त्यांच्या जागेवर, पाटीखाली. दाराबाहेर गौतमी आणि नसीम चाळण्या बघायचं नाटक करत उभ्या.

माझ्या आधी भोई गल्लीच्या यमुनाकाकू होत्या. त्यांनी रिकामा हंडाच सोबत आणला होता.

"नाना, नळाला पाणी कधी?"

"काकू, पाइप निघालेत."

"कुठनं?"

"तिकडनं."

"मागच्या बाजारीबी निघालेच होते की."

"मग आता जवळ आले असतील," नाना म्हणाले आणि काकूंच्या हातात एक चमचा ठेवला. काकूंनी तो कमरेला खोचला. त्यांच्या घरी नानांच्या चमच्यांनी एक अख्खा डबा भरला होता. खायला घालायला माणसं तेवढी नव्हती.

मग लक्ष्मणतात्या. त्यांच्या गल्लीत दिव्याचा खांब उभा राहून वर्ष झालं होतं. दिवा नव्हता.

"तात्या, खांब आला का नाही?"

"आला ना."

"मग. खांब आलाय तिथं दिवा किती दिवस लांब राहील?"

तात्यांना हे पटलंसं दिसलं. त्यांनाही चमचा.

मग माझी पाळी. पप्पांनी तिकडून डोळ्यांनी खुणावलं, माग माफी. मी तोंड उघडलं, तेवढ्यात नानाच म्हणाले, "माफी-बिफी काही नको हां. हुशार पोरगी आहे. मला अशीच पोरं आवडतात. काय पाहिजे, बोल."

"एसटी."

"येतेय."

"कधी?"

"पंधरा जुलै. सकाळी सात वाजता, थेट गावात, निवाऱ्याच्या समोर."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. बघ, मी म्हणत नव्हतो का. इतका खूश चेहरा की मला एकदम त्यांची दया आली.

"नक्की ना, नाना?"

"बाळ, अंदुरेचा शब्द आहे."

आता मी खरं सांगते, इथपर्यंत माझ्या डोक्यात काही नव्हतं. पैज हरल्यातच जमा होती आणि दोन कुल्फ्यांचे पैसे कुठून आणायचे हा विचार चालला होता. पण कळशी मांडीवर होती, पप्पांनी यंत्राचं बटण चाचपलं होतं, आणि त्यांच्या डोक्यावर ती पाटी होती.

"पप्पा, माझं नाव नका घालू," मी म्हणाले. "त्या जागेत नानांचा शब्द घाला. 'पंधरा जुलैपासून सकाळी सात वाजता वरुडी एसटी गावातून.' वर नानांचं नाव आहेच."

नाना हसले. "शब्द काय कळशीवर घालायचा असतो होय?"

"प्रेम घालतात की, नाना. सप्रेम भेट म्हणून."

"बरोबर बोलतीय पोरगी," यमुनाकाकू म्हणाल्या. "घाल रे अंबादास. आम्हालाबी वाचता येईल."

नानांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पन्नास वर्षांची सवय. समोर गिऱ्हाईक होतं आणि गिऱ्हाईक काहीतरी मागत होतं. "घाल, घाल," ते म्हणाले. "पोरीची हौस आहे."

यंत्र गुणगुणलं. पप्पा कधी नव्हे इतक्या मन लावून कोरायला लागले. एरवी ते दुसऱ्यांच्या मामांचं प्रेम कोरायचे. हे त्यांच्या लेकीच्या एसटीचं होतं. जीभ दाताखाली धरून त्यांनी 'पंधरा' लिहिलं, त्यातल्या 'रा'च्या कान्याला तर लग्नपत्रिकेसारखं वळण दिलं.

काकूंनी आपला हंडा पुढे सरकवला. "मग हिचं झालं की माझ्या हंड्यावर नळाचं घाल. पाइप कुठवर आलेत तेबी घाल."

"माझ्याजवळ आत्ता भांडं नाही," लक्ष्मणतात्या म्हणाले. "नाना, एक तांब्या काढा. विकत घेतो. दिव्याचं घालून द्या."

डाव्या बाजूला पातेली बघणारे लोक थांबले. इकडे काय चाललंय ते एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने बाहेर सांगितलं. बाजाराचा दिवस. शेजारच्या खेड्यातला एक फेटेवाला आत आला आणि म्हणाला, "एक परात द्या. मोठी."

"परात कशाला?" नोकराने विचारलं.

"आमचं पुलाचं आहे. जरा लांबट आहे."

पाच मिनिटांत दुकानात दिवाळीसारखी विक्री सुरू झाली. दवाखान्याच्या डॉक्टरसाठी एक डबा गेला, संगणकांसाठी आमच्या शाळेच्या शिपायाने घमेलं धरून ठेवलं. गल्ला सारखा उघडत होता. नानांमधला व्यापारी फुलत होता आणि नानांमधला आमदार आक्रसत होता, आणि दोघांना चेहरा एकच. मग मी त्यांची नजर वर गेलेली बघितली. पाटीवर. ती त्यांनीच टांगलेली होती.

"अंबादास," नाना म्हणाले. "थांब."

"झालंच नाना. 'सकाळी सात वाजता' झालं. 'वरुडी एसटी' एवढंच राहिलंय."

"नको घालू."

पप्पांनी मान वर केली. यंत्र हातात तसंच गुणगुणत होतं. "का नाना?" त्यांनी विचारलं. ह्यात पैज नव्हती, टोमणा नव्हता. माझ्या पप्पांना टोमणा मारता येत नाही. "येतेय ना?"

नानांनी मला दहा वेळा फिरवलं असतं. पत्रकारांना फिरवलं असतं. पण समोर त्यांचा स्वतःचा माणूस होता, हातात सुई घेऊन, आणि सुई एकदा पत्र्यावर टेकली की पुसता येत नाही हे दोघांना सारखंच ठाऊक होतं.

"नाही," नाना म्हणाले.

पप्पांनी यंत्र बंद केलं.

"नाही रे. येणार नाही. गावातला फेरा एसटीवाल्यांनी कायमचा बंद केलाय. मला कळवलंय तसं."

"कधी?"

"झाली दोन वर्षं."

यमुनाकाकूंनी हंडा उचलून परत कमरेवर घेतला. त्यांनी नळाचं काही विचारलं नाही. फेटेवाल्याने परात खाली ठेवली. ठेवताना ती वाजली. दाराबाहेर नसीमने गौतमीचा दंड धरला होता. पैज मी जिंकले होते, पण गौतमी माझ्याकडे बघत नव्हती. ती नानांकडे बघत होती. दोन वर्षं म्हणजे करुणाताईचं लग्न व्हायच्या आधी.

नाना गादीच्या काठावर पुढे झुकले आणि फक्त मला ऐकू येईल असं बोलले. रागावलेले नव्हते. एखाद्याला धंद्यातली गोष्ट समजावून सांगावी तसे. "बाळ, नाही म्हटलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. म्हणून म्हणत नसतो."

"मला जायचंच आहे, नाना," मी म्हणाले. "म्हणून तर 'नाही' मागत होते."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यांच्या दुकानात नसलेली वस्तू मागायला आलेलं, आणि ती घेऊन निघालेलं गिऱ्हाईक त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. मग सवयीने त्यांचा हात कळशीकडे गेला. "ही राहू दे इथंच. अंबादास, हिला दुसरी दे. कोरी."

पप्पा उठले. त्यांनी कळशी फडक्याने पुसली, 'सकाळी सात वाजता'वरचा पत्र्याचा कीस फुंकरून उडवला आणि ती माझ्या हातात दिली. मग डोक्यावरच्या पाटीकडे बोट केलं.

"नाव घातलेला माल आपण परत घेत नाही, नाना."

बावीस वर्षांत पप्पांनी नानांना काही नाकारल्याचं हे पहिलंच. एका दिवसात एका दुकानात दोन नकार. धामणपेठचं किती दिवसांचं साचलेलं त्या दिवशी निघालं कुणास ठाऊक.

गौतमीने भेळ दिली नाही आणि मी मागितलीही नाही. नसीम म्हणाली, "आज राहू दे." मग गौतमी म्हणाली, "ताईला फोन करू का नको?"

मी आणि पप्पा जेवायला घरी निघालो. वाटेत निवारा लागला. कमानीखाली शेळ्या बसल्या होत्या. पप्पा तिथे थांबले. निवाऱ्यावरची पाटी दगडाची आहे, ती पप्पांनी कोरलेली नाही, तरी ते ती पहिल्यांदा वाचत असल्यासारखे वाचत राहिले.

"करुणाच्या लग्नातली भांडी मीच केली," ते म्हणाले. "एकेका भांड्यावर नाव घातलं. तेव्हा त्यांना ठाऊक होतं."

माझ्या गप्प बसण्याची पप्पांनाही सवय नाही, त्यामुळे ते घरापर्यंत माझ्याकडे दोनदा वळून बघत होते.

घरी आईने पानं घेतली होती. तिने कळशी हातात घेतली, उजेडाकडे धरून वाचली. "गुणवंत विद्यार्थिनीस सप्रेम भेट, आमदार त्रिंबकशेठ अंदुरे. पंधरा जुलैपासून सकाळी सात वाजता..." ती थांबली. "पुढं काय? सकाळी सात वाजता काय?"

पप्पा हात धुऊन पाटावर बसले. आईने माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा त्यांच्याकडे, आणि वाढायला लागली. भात, वरण, लिंबाची फोड. नानांच्या वाट्या आमच्याकडे भरपूर होत्या, त्यामुळे तिघांपुढेही त्याच होत्या. पप्पा वरण प्यायले, त्यांनी वाटी खाली ठेवली, तळाशी बघितलं आणि ती पालथी घातली.

"अरे, काय झालं सांगाल का कुणी?" आई म्हणाली. "नाना काय म्हणाले?"

मी दप्तरातून वसतिगृहाचा अर्ज काढला आणि पप्पांच्या ताटाशेजारी ठेवला. वर सहीसाठी पेन ठेवलं. साधं, बिनआवाजाचं.

"आई, पप्पा, मी वरुडीला वसतिगृहात राहून शिकणार आहे. उद्या शेवटचा दिवस आहे, मी सकाळी अर्ज द्यायला जाणार."

"आणि एसटी?" आईने विचारलं.

"एसटी येणार नाही, आई," मी म्हणाले. "नानांनी सांगितलंय."